कोल्हा चढला तरी

सुभेदार सनबल्लटाने टोमणा मारला तो चारचौघांत, आपल्या भाऊबंदांसमोर आणि शोमरोनच्या सैन्यासमोर. ही दुबळी माणसे करताहेत तरी काय, एका दिवसात उरकणार आहेत का, जळक्या ढिगाऱ्यातल्या धोंड्यांत जीव घालणार आहेत का, अशी सरबत्ती त्याने लावली. शेजारी उभ्या असलेल्या तोबीया अम्मोनीने पुस्ती जोडली: यांच्या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती ढासळेल. हशा पिकला, असे ग्रंथात लिहिलेले नाही. पण सुभेदार फौजेपुढे विनोद करतो तेव्हा हसणे हा नोकरीचाच भाग असतो.

प्रसंग इ.स.पू. 445 चा, यरुशलेमचा तट पुन्हा उभा राहत असतानाचा. तो नहेम्याच्या ग्रंथात येतो. यहुदी परंपरेत एज्रा आणि नहेम्या मिळून एकच ग्रंथ मानला जातो आणि त्यातला मोठा भाग नहेम्या स्वतःच्या तोंडून सांगतो. म्हणजे विरोधकांची थट्टा आपल्यापर्यंत पोहोचते ती ज्याची थट्टा झाली त्याच्याच लेखणीतून. वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

इ.स.पू. 586 मध्ये नबुखद्नेस्सराच्या बाबिली फौजेने यरुशलेम जाळले. पुढे इराणच्या कोरेश राजाने हद्दपारांना परतीची मुभा दिली आणि 515 च्या सुमारास मंदिर पुन्हा उभे राहिले. तट मात्र पडलेलाच राहिला. तो बांधायचा एक प्रयत्न आधी झाला होता. तो हाणून पाडायला कोणाला विनोद करावा लागला नाही. रहूम नावाचा अधिकारी आणि शिमशय नावाचा चिटणीस यांनी अर्तहशश्त राजाला पत्र लिहिले: हे शहर जुने बंडखोर आहे, दप्तर तपासून पाहा, तट उठला तर कर बुडालाच समजा. राजाने दप्तर तपासले, काम थांबवण्याचा हुकूम दिला आणि त्या हुकमाच्या जोरावर काम बळाने बंद पाडले गेले.

हे प्रकरण नहेम्याच्या आधीचे आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि मला सनबल्लटाच्या थट्टेची किल्ली इथेच दिसते. नहेम्या शूशनच्या राजवाड्यात याच राजाचा प्यालेबरदार होता. तो आला तो राजाची पत्रे घेऊन, बरोबर घोडेस्वार घेऊन; राजाच्या रानाचा रखवालदार आसाफ याने लाकूड द्यावे असाही हुकूम त्याच्यापाशी होता. आता तक्रार करायची कोणाकडे? अर्ज चालेनासा झाला तेव्हा टवाळी सुरू झाली.

शिवाय ती टवाळी खोटी नव्हती. यरुशलेमचा दगड चुनखडीचा; आगीत तो तडकतो, भुसभुशीत होतो. पोहोचल्यावर नहेम्या रात्री मोजकी माणसे घेऊन तट पाहायला निघाला, तेव्हा एका जागी त्याच्या जनावराला पुढे जायला वाटच उरली नव्हती. 1960 च्या दशकात कॅथलीन केन्यन यांनी शहराच्या पूर्व उतारावर उत्खनन केले, तिथे कोसळलेल्या बांधांचा आणि दगडांचा प्रचंड खच सापडला. नहेम्याचे जनावर अडले ते अशाच ढिगाऱ्यापाशी, असे त्यांचे मत होते. थोडक्यात, सनबल्लट पाहून बोलत होता. आणि भिंत निम्म्या उंचीवर आली तेव्हा यहूदातले लोकच म्हणू लागले की ओझी वाहणाऱ्यांचे बळ संपले, ढिगारा फार आहे, हे आपल्याने होणार नाही. शत्रूचा टोमणा आता मजुरांच्या तोंडी आला होता.

नहेम्याने उदारपणे दुर्लक्ष केले, असे समजू नये. त्याची प्रार्थना म्हणजे चक्क शाप आहे: यांची निंदा यांच्याच डोक्यावर उलटू दे, यांची लूट होऊ दे, यांच्या पापाला क्षमा नको. मग निम्मे लोक कामावर आणि निम्मे भाले-ढाली घेऊन उभे, अशी वाटणी झाली. बांधणाऱ्यांच्या कमरेला तलवारी होत्या आणि रणशिंग फुंकणारा नहेम्याजवळ असे.

कोणी कुठला तुकडा बांधला याची लांबलचक यादी ग्रंथात आहे. वाचक ती ओलांडतात, पण गंमत तिच्यातच आहे. याजक आहेत, सोनार आहेत, गंधी आहेत, व्यापारी आहेत. शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलीही आहेत. तकोवा गावचे लोक राबले, त्यांच्या सरदारांनी मात्र मान वाकवली नाही, हेही नोंदवून ठेवले आहे. बेरेख्याचा मुलगा मशुल्लाम याचे नाव दोनदा येते. त्याने दोन तुकडे बांधले. पुढे कळते की त्याची मुलगी तोबीयाच्या घरात दिली होती. कोल्ह्याचा विनोद करणारा तोबीया बांधणाऱ्याचा व्याही! यहूदातले सरदार त्याच्याशी पत्रव्यवहार करीत, नहेम्यापुढे त्याचे गोडवे गात आणि नहेम्याचे बोलणे त्याला पोहोचवत.

नहेम्याला नेतृत्वाचा गुरू करणारी पुस्तके पाचवा अध्याय बहुधा घाईने उलटतात. त्यात सनबल्लट नाही. त्यात आपल्याच भाऊबंदांविरुद्ध ओरड आहे: धान्यासाठी शेते, मळे, घरे गहाण पडली, राजाचा कर भरायला कर्ज काढले, पोटच्या मुली दासी झाल्या. नहेम्याने सावकारांना सभेत बोलावून शेते आणि व्याज परत करायला लावले. मीही कर्ज दिले आहे, हेही तो सांगून टाकतो. तट बाहेरून कोणी फोडण्याआधी आतूनच फुटायच्या बेतात होता.

विरोधकांचे पुढचे डाव जास्त कसबी. ओनोच्या मैदानात भेटू या, असा निरोप चार वेळा आला. पाचव्या वेळी आले ते उघडे पत्र, मोहोर नसलेले, म्हणजे वाटेत हवे त्याने वाचावे असे. तू राजा व्हायला निघाला आहेस अशी बोलवा आहे आणि गेशेमही तेच म्हणतो, असा मजकूर. हा गेशेम अरबी ऐरागैरा नव्हे. इजिप्तमधल्या तेल अल-मस्खुता इथे मिळालेल्या एका चांदीच्या वाडग्यावर केदारचा राजा गेशेम याच्या मुलाचे नाव कोरलेले आहे. तो हाच गेशेम असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. त्याच्या साक्षीला वजन होते.

तट 52 दिवसांत पुरा झाला, असे ग्रंथ सांगतो. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस दोन वर्षे चार महिने म्हणतो. केन्यन आणि पुढे एलात मझार यांनी काही भिंती नहेम्याच्या म्हणून दाखवल्या. इस्रायल फिंकेलस्टाईन यांना मात्र त्या काळी असा मोठा तट बांधण्याइतकी वस्तीच दिसत नाही. वस्ती विरळ होती हे ग्रंथालाही मान्य आहे: तट झाल्यावर शहरात राहायला दहांतला एक माणूस चिठ्ठ्या टाकून निवडावा लागला.

नहेम्या पुढे कडवट होत गेला. तो राजाकडे गेला असताना याजक एल्याशीबाने तोबीयाला थेट मंदिरात कोठडी दिली. परतल्यावर नहेम्याने त्याचे सामान बाहेर फेकले. एल्याशीबाचा एक नातू सनबल्लटाचा जावई निघाला, त्याला त्याने हाकलून दिले. तालमूदमधल्या पंडितांनी विचारले आहे की एज्रा आणि नहेम्या मिळून झालेल्या त्या एकाच ग्रंथाला नहेम्याचे नाव का नाही. एक म्हणतो, त्याने आपले श्रेय आपणच मागितले. दुसरा म्हणतो, त्याने आधीच्या सुभेदारांची निंदा केली. ज्याने निंदा सोसली त्याच्यावरच निंदेचा ठपका ठेवणारी ही परंपरा मला फार प्रामाणिक वाटते.

सनबल्लटाची बाजू त्याच्या तोंडून कुठेच मिळत नाही. पण नाईल नदीतल्या एलिफंटाईन बेटावर, आजच्या आस्वानजवळ, इराणी राजवटीच्या चाकरीतल्या यहुदी शिपायांची वस्ती होती आणि तिथले अरामी भाषेतले कागद विसाव्या शतकाच्या आरंभी उजेडात आले. इ.स.पू. 410 मध्ये ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी तिथला अधिकारी विद्रंग याला हाताशी धरून या शिपायांचे मंदिर पाडवले. त्यांनी यरुशलेमचा महायाजक यहोहानान याला लिहिले. उत्तर आले नाही. मग 407 मध्ये त्यांनी यहूदाचा सुभेदार बगोही याच्याकडे अर्ज केला आणि त्यात कळवले की हाच मजकूर आम्ही शोमरोनचा सुभेदार सनबल्लट याचे मुलगे दलाया आणि शलेम्या यांनाही पाठवला आहे. दोघांच्याही नावांत इस्राएलच्याच देवाचे नाव आहे. बाप परधर्मी शत्रू होता, हे चित्र तिथेच डळमळते. उत्तर तोंडी आले आणि निरोप्याने ते टिपून ठेवले: मंदिर पूर्वीच्या जागी बांधावे, धान्याचे अर्पण आणि धूप चालू करावा. पशुबलीचा उल्लेख नाही. निरोप दोघांच्या नावे आहे, बगोहीच्या आणि सनबल्लटाचा मुलगा दलाया याच्या.