आजाऱ्याचे पाच गुण आणि कर्करोगावरील गोळी

विनयपिटकातील महावग्गात एक हृदयस्पर्शी प्रसंग आहे. अतिसाराने पीडित झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. विहारातून फिरत असता तथागतांच्या दृष्टीस तो पडला. त्यांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः ते पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर संघाला उपदेश करताना भगवंतांनी शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले, तसेच आजाऱ्याचेही पाच गुण सांगितले. हितकारक तेच करणे, हितकारक गोष्टीतही प्रमाण ओळखणे, औषध घेणे, आजार वाढतो आहे, उतरतो आहे की तसाच आहे हे शुश्रूषा करणाऱ्याला यथार्थ सांगणे आणि वेदना सहन करणे, हे ते पाच गुण होत.

या गुणांचे स्मरण आज विशेष करून व्हावे, असे एक कारण आहे. कर्करोगाचे औषध म्हणजे रुग्णालयात शिरेतून दिले जाणारे औषध, अशी आपली समजूत असते. परंतु आता अनेक प्रकारच्या कर्करोगांत रोज घरी, तोंडाने घ्यावयाची गोळी दिली जाते. गोळी घरी आली की परिचारिका, तक्ता आणि देखरेख मागे रुग्णालयातच राहते. त्यांची जागा रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला घ्यावी लागते.

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘इमॅटिनिब’. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून एक सदोष प्रथिन तयार होते व ते पांढऱ्या पेशींना अविरत वाढण्याचा आदेश देत राहते. इमॅटिनिब नेमके त्या प्रथिनाचे कार्य रोखते. २००१ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली आणि एके काळी काही वर्षांतच प्राण घेणारा हा आजार मधुमेहासारखा, औषध घेत दीर्घकाळ जगता येण्याजोगा झाला. १ एप्रिल २०१३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या नव्या स्वरूपावरील पेटंटचा दावा फेटाळला. त्यामुळे भारतीय बनावटीच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग निर्वेध राहिला. मात्र औषध हाती येणे वेगळे आणि ते नीट घेतले जाणे वेगळे.

हित आणि प्रमाण

इमॅटिनिब जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासह घ्यावे. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ व जठराचा दाह वाढतो. परंतु हा नियम सर्व गोळ्यांना लागू नाही. त्याच आजारावरील ‘निलोटिनिब’च्या कॅप्सूल रिकाम्या पोटी घ्याव्या लागतात; अन्नाबरोबर घेतल्यास त्यांचे रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या वाढू शकते. आतड्याच्या व स्तनाच्या कर्करोगात दिले जाणारे ‘कॅपेसिटाबिन’ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यावयाचे असते आणि बहुधा दोन आठवडे घेऊन एक आठवडा बंद ठेवावयाचे असते. म्हणून शेजारच्या रुग्णाचा नियम आपल्या गोळीला लावू नये.

ग्रेपफ्रूट या फळाने इमॅटिनिबचे रक्तातील प्रमाण वाढते. उलट क्षयरोगावरील रिफाम्पिसिन व आकडीवरील फेनिटॉइन यांनी ते घटते. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. कोणी प्रेमाने आणून दिलेला काढा किंवा जडीबुटी यांबाबतही हेच सांगता येईल. अशा वस्तू घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये.

औषध घेणे

गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत रुग्णाला बरे वाटू लागते आणि खरा धोका येथूनच सुरू होतो. ऊसतोडीचा हंगाम, प्रवास, लग्नकार्य, संपलेले पैसे यांपैकी कोणत्याही कारणाने गोळी चुकते. आणि चुकूनही काही बिघडले नाही असे वाटते. लंडनमध्ये झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इमॅटिनिब घेणाऱ्या रुग्णांच्या बाटलीच्या झाकणात सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक यंत्र बसविले होते. ज्यांनी ठरलेल्या गोळ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून कमी घेतल्या, त्यांच्यात रोग अपेक्षेइतका आटोक्यात आल्याचे फार थोड्यांत दिसले. महिन्याच्या हिशेबाने पाहिले तर तीन गोळ्या चुकल्या की ही सीमा गाठली जाते.

निवासी शाळेत राहिलेल्यांना घंटेचे महत्त्व सांगावयास नको. गोळीलाही अशी एक ठरलेली वेळ असावी. चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. गोळीनंतर उलटी झाल्यास विचारल्याशिवाय पुन्हा गोळी घेऊ नये. गोळी घरी कुटू नये. गिळता येत नसल्यास ती पाण्यात कशी विरघळवावी हे औषध देणाऱ्याकडून समजून घ्यावे. गरोदर स्त्रीने तिची पूड हाताळू नये. उपचार चालू असताना गर्भधारणा टाळावी, बाळाला अंगावर पाजू नये.

यथार्थ सांगणे

सकाळी डोळ्यांभोवती सूज, मळमळ, पातळ शौच, पोटऱ्यांत गोळे येणे, अंगावर पुरळ, थकवा, त्वचेचा रंग उजळणे हे इमॅटिनिबचे नेहमीचे दुष्परिणाम होत. बहुतेकांवर उपाय असतो; कधी डॉक्टर मात्राही बदलतात. परंतु ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक होणे, कोठूनही रक्तस्राव, काळे शौच, थोड्या दिवसांत वजन झपाट्याने वाढणे, धाप लागणे, डोळे पिवळे होणे यांपैकी काहीही दिसल्यास पुढील तारखेची वाट न पाहता त्वरित रुग्णालय गाठावे. रक्तपेशींची व यकृताची तपासणी वेळच्या वेळी करावी. रोग किती उरला हे मोजणारी ‘बीसीआर-एबीएल’ चाचणी साधारणतः दर तीन महिन्यांनी होते. बरे वाटणे हा त्या चाचणीला पर्याय नव्हे. दीर्घकाळ उत्तम परिणाम दिसलेल्या काही रुग्णांत डॉक्टर गोळी थांबवून पाहतात, परंतु तो निर्णय चाचण्यांच्या आधाराने त्यांनीच घ्यावयाचा असतो.

सहन करणे

पाचवा गुण सहनशीलतेचा आहे. तथापि त्याच्याआधी यथार्थ सांगण्याचा गुण येतो, हे विसरू नये. आपल्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर पुष्कळ सोसले. मुलांना त्रास नको म्हणून ते सूज लपवितात, पैसे वाचावेत म्हणून एका दिवसाआड गोळी घेतात आणि विचारले की “बरा आहे” म्हणतात. हे सहन करणे नव्हे, हे लपविणे होय. त्याची किंमत गोळीच्या किमतीहून कितीतरी अधिक आहे. पैशांची अडचण हेही एक लक्षणच समजावे आणि तेही डॉक्टरांना व रुग्णालयातील समाजसेवकांना मोकळेपणाने सांगावे. शासकीय योजनांचा मार्ग बहुधा तेथूनच कळतो.

या शाळेतून शिकून गेलेल्यांपैकी अनेकजण आपल्या घरातील पहिले साक्षर आहेत. औषधाच्या वेष्टनावरील इंग्रजी मजकूर वाचून दाखविणारे घरात तेच. त्यांनी आईवडिलांसाठी एक साधी वही करावी. तीत गोळीची वेळ, वजन, ताप, नवे लक्षण आणि पुढील तपासणीची तारीख लिहावी, आणि ती वही प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावी. आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा मानावी, असे तथागतांनी भिक्खूंना सांगितले. लिहिता येणाऱ्या मुलाच्या हातची ती वही त्या सेवेचेच एक रूप आहे.