पालखी, बारसं आणि उसाचा फड: मिररलेससाठी छोटी स्टँडर्ड झूम लेन्स कशी निवडायची?

मिररलेस कॅमेरा घेतला की त्याच बॉक्समध्ये बहुतेक वेळा मुठीत मावणारी एक झूम लेन्स येते. सोनीची १६-५०, निकॉनची १६-५०, कॅननची १८-४५, फुजीची १५-४५. हिलाच सगळे 'किट लेन्स' म्हणतात. मग चार-सहा महिन्यांत कुणीतरी सांगतं, "किट लेन्स विकून टाक, २.८ घे." आणि आधीच कॅमेऱ्यात पैसे अडकलेले असताना पुन्हा एका मोठ्या खर्चाचा विचार सुरू होतो.

हा खर्च करावा की नाही, हे लेन्सचे रिव्ह्यू वाचून कळत नाही. आपले फोटो नेमके कुठे फसतात ते पाहिलं की कळतं. म्हणून आज एक गाव डोळ्यांसमोर ठेवून हिशेब करू: लासुर्णे, तालुका इंदापूर.

बारामती-इंदापूर रस्त्यावरचं हे गाव. आजूबाजूला ऊस, जवळच वालचंदनगर. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, आंथुर्णे, निमगाव केतकी अशी इंदापूरकडे जाते. इथल्या एखाद्या हौशी फोटोग्राफरचं वर्षभराचं काम काय असेल? पालखीचे फोटो, भावकीतली बारशी-साखरपुडे, आणि शेत. शेताचं सोडून द्या. उन्हात उभ्या उसाचा फोटो कुठलीही लेन्स चांगलाच काढते, तिथे एफ/८ ठेवा आणि निवांत राहा. खरी परीक्षा बाकीच्या दोन ठिकाणी होते.

दहा फुटी खोलीत किती माणसं मावतात?

लेन्सवरचा पहिला आकडा म्हणजे तिची रुंद बाजू. झूम किती 'लांब' जातो हे सगळे विचारतात, पण स्टँडर्ड झूममध्ये जास्त अडतं ते रुंदीलाच. लांबचं माणूस जवळ हवं असेल तर चार पावलं पुढे जाता येतं. मागे जायचं असेल तर मागे भिंत असते, नाहीतर दिंडी.

आता थोडं गणित. या किट लेन्स एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या असतात. त्यांचा आकडा फुल फ्रेमच्या हिशेबात आणायला सोनी, निकॉन, फुजीसाठी १.५ने आणि कॅननसाठी १.६ने गुणायचं. म्हणजे सोनी-निकॉनचा १६ होतो २४, फुजीचा १५ होतो २२.५, आणि कॅननचा १८ होतो जवळपास २९.

हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण दहा फुटांच्या, म्हणजे साधारण तीन मीटरच्या खोलीत भिंतीला टेकून पाळण्याचा फोटो घ्या. २४ला समोरची साडेचार मीटर रुंदी फ्रेममध्ये येते, २९ला ३.७ मीटर. मधली पाऊण मीटर जागा म्हणजे कडेला उभी असलेली आत्या. तिला कापून चालत नाही.

आणखी एक गंमत. आजकालच्या बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा २४ ते २६च्या आसपासचा असतो. आपल्या डोळ्याला तीच सवय झालेली असते. म्हणून २९पासून सुरू होणारी लेन्स लावली की पहिल्याच दिवशी वाटतं, "अरे, फोनमध्ये मावत होतं ते यात मावत नाही." कॅमेरा बिघडलेला नसतो, लेन्सच तेवढी रुंद नसते.

संध्याकाळी एफ/५.६ का रडवतं?

किट लेन्सवर ३.५-५.६ किंवा ४.५-६.३ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंद बाजूचा, दुसरा पूर्ण झूम केल्यावरचा. म्हणजे झूम करत गेलात की लेन्सचं भोक तुलनेने बारीक होत जातं आणि प्रकाश कमी येतो. एफ/२.८ आणि एफ/५.६ यांच्यात दोन स्टॉपचा फरक आहे, म्हणजे प्रकाश थेट चौपट.

पालखीच्या मुक्कामी रात्री मांडवात कीर्तन चालू आहे, एलईडी दिवे आहेत, पण उजेड बेताचाच. समजा एफ/२.८ला आयएसओ १६०० ठेवून १/१२५ शटर मिळतं. त्याच जागी एफ/५.६ला तेच शटर हवं असेल तर आयएसओ ६४००. एफ/६.३ असेल तर ८०००. आणि टाळ वाजवणारे हात गोठवायला १/१२५ कमीच पडतं, १/२५० लागतं. म्हणजे आयएसओ पुन्हा दुप्पट. इथे फोटो दाणेदार होतो, रंग मरतात, चेहऱ्याची कातडी मेणासारखी दिसायला लागते. लोक म्हणतात किट लेन्स शार्प नाही. खरं तर दिवसा हीच लेन्स पुरेशी शार्प असते. कमी पडतो तो प्रकाश.

"पण माझ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे की!" हा नेहमीचा प्रश्न. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरच्याचा नाही. देवळाचा गाभारा १/१० शटरला हातात धरून काढता येईल, तेवढ्यात नाचणारा वारकरी मात्र पुसट येणारच.

उलट बाजूही लक्षात घ्या. सिग्माची १८-५० एफ/२.८ ही २०२१मध्ये आलेली लेन्स या वर्गात फार लोकप्रिय आहे, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. सोनी झेडव्ही-ई१० किंवा ए६४००, कॅनन आर५० किंवा आर१० यांच्या बॉडीतही सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशन नाही. म्हणजे फोटोला ही जोडी मस्त, पण चालत चालत दिंडीचा व्हिडिओ घेतलात तर चित्र हिंदकळणार. व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर दुकानातच दहा पावलं चालत शूट करून बघा, मग पैसे द्या.

वजन आणि धूळ

लेन्स छोटी ठेवायला कंपन्यांनी दोन युक्त्या केल्या आहेत. एक, वापर नसताना नळी आत सरकते. दोन, रुंद बाजूला फोटो मुळात गोल फुगलेला आणि कोपऱ्यात काळपट येतो, तो कॅमेरा आतल्या आत सरळ करतो. जेपीईजी काढणाऱ्याला हे कधी कळतही नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइल उघडली की दारं-खिडक्या वाकलेल्या दिसतात, तेव्हा घाबरू नका.

पहिली युक्ती रोजच्या वापरात जाणवते. सोनीच्या १६-५० आणि फुजीच्या १५-४५मध्ये झूमला मोटर आहे. कॅमेरा चालू केला की नळी बाहेर येते, बंद केला की आत जाते. व्हिडिओत झूम एकसारखा होतो, पण झटकन अमुक आकड्यावर जाणं हाताने फिरवण्याइतकं जमत नाही. निकॉनची आणि कॅननची लेन्स हाताने फिरवून 'उघडावी' लागते, नाहीतर कॅमेरा फोटोच काढत नाही. समोरून पालखी निघालेली आणि स्क्रीनवर सूचना, हा अनुभव बऱ्याच जणांनी घेतलेला असेल.

बेलवाडीचं गोल रिंगण डोळ्यांसमोर आणा. पताकावाले, तुळस-हंडा घेतलेल्या महिला, विणेकरी धावतात, मग अश्व. पाऊस नसेल तर धूळ, असेल तर चिखल. आत-बाहेर होणारी नळी ही धूळ आत घेते. साध्या किट लेन्सना पाण्या-धुळीपासून संरक्षण नसतं, आणि सिग्मा १८-५०लाही फक्त माउंटपाशी रबर आहे. त्यामुळे पुढे एक साधा यूव्ही फिल्टर लावा (सोनी १६-५०ला ४०.५ मिमीचा, सिग्माला ५५चा, झाकणावर आकडा असतो), पिशवीत प्लास्टिकचं आवरण ठेवा, आणि गर्दीत लेन्स बदलू नका. हो, धावणारा अश्व मोठा दिसावा म्हणून स्टँडर्ड झूम घेऊ नका. ते टेलीचं काम. या लेन्सने रिंगणाभोवतीची माणसं काढायची.

वजनाचं म्हणाल, तर सोनी १६-५० ११६ ग्रॅम (२०२४ची नवी आवृत्ती १०७), निकॉन १३५, कॅनन १८-४५ १३०. सिग्मा साधारण २९०. टॅमरॉन १७-७० एफ/२.८मध्ये प्रकाशही आहे, स्टॅबिलायझेशनही आहे, पण वजन ५२५ ग्रॅम. सणसरपासून आंथुर्ण्यापर्यंत गळ्यात अडकवून चालून बघा, मान सांगेल. माझ्या मते ती चांगली लेन्स आहे, पण 'छोटी' नाही.

मग घ्यायची कोणती?

नवीन काही घेण्याआधी मागच्या वर्षभराचे आवडते शंभर फोटो उघडा आणि त्यांची माहिती बघा: फोकल लेंथ, शटर, आयएसओ. बहुतेक फोटो १६ला अडकलेले असतील, तर तुमची गरज रुंदीची आहे. अशा वेळी १८पासून सुरू होणारी महाग लेन्स घेऊन तुम्ही उलट मागे जाल. इथेच बरेच जण फसतात. सिग्मा १८-५० सोनी-फुजीवर २७पासून सुरू होते, कॅननवर २९पासून. दहा फुटी खोलीत आत्या पुन्हा बाहेर.

आयएसओ सारखा ६४००च्या वर असेल, तर गरज प्रकाशाची. मग सिग्मा १८-५० घ्या. सोनी ई, फुजी एक्स आणि २०२४पासून कॅनन आरएफ माउंटला ती मिळते. निकॉनवाल्यांसाठी निकॉननेच २०२५मध्ये १६-५० एफ/२.८ आणली, तीही स्टॅबिलायझेशनसह, आणि ती २४पासून सुरू होते.

पण बजेट मर्यादित असेल तर मी तिसरा मार्ग सुचवेन: किट लेन्स ठेवा आणि सोबत एक प्राइम घ्या. सोनी ३५ एफ/१.८, फुजी ३५ एफ/२, निकॉन ४० एफ/२, कॅनन ५० एफ/१.८. सगळ्या २०० ग्रॅमच्या आतल्या. दिवसा पालखीला किट, रात्री कीर्तनाला प्राइम. एफ/१.८ला एफ/५.६पेक्षा जवळपास दहापट प्रकाश मिळतो, तेवढा कुठलीच छोटी झूम देणार नाही. कॅननची ५० मात्र घरात फार जवळची वाटेल, ती चेहऱ्यांसाठी.

फुल फ्रेमवाल्यांचा हिशेब वेगळा. सोनी २८-६० (१६७ ग्रॅम) आणि निकॉन २४-५० (१९५ ग्रॅम) फार सुटसुटीत, पण त्याही पुढच्या टोकाला एफ/५.६-६.३. रुंदी हवी असेल तर पॅनासॉनिकची २०-६० बघा, ३५० ग्रॅमची ही लेन्स २०पासून सुरू होते. एफ/२.८मध्ये सोनीची २४-५० ४४० ग्रॅमची आहे.

घरात जुन्या डीएसएलआरची १८-५५ पडून असेल तर अडॅप्टरने ती चालते. पण डीएसएलआरमध्ये आरशासाठी सेन्सर आणि लेन्समध्ये जागा ठेवलेली असते, कॅनन ईएफला ४४ मिमी. आरएफला हीच जागा २० मिमी आहे, म्हणून मधले २४ मिमी अडॅप्टर भरून काढतो. लेन्स तेवढीच पुढे येते आणि छोटेपणा जातो. सवय करायला ठीक.

सेकंडहँड घेणार असाल तर पुढची नळी हलक्या हाताने हलवून बघा, झूम पूर्ण आत-बाहेर करताना कुरकुर ऐका, आणि टॉर्च मारून आत धूळ किंवा बुरशी आहे का ते तपासा. मग भिंतीचा एक फोटो चारही कोपऱ्यांवर झूम करून पाहा. एकच कोपरा पुसट असेल तर ती लेन्स परत द्या.