पाच प्रश्न, बत्तीस वस्तू

वर्ग नवा असो की भाषा नवी, पहिले काही दिवस मुले गप्प असतात. ‘बोला, बोला’ म्हणून ती बोलू लागत नाहीत. आधी एक साधा हिशेब पाहू. वर्गात ४० मुले आणि तास ४० मिनिटांचा. सर्वांनी पाळीपाळीने शिक्षकांशी बोलायचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार तर एक मिनिट येते. तेही शिक्षक स्वतः काहीच बोलले नाहीत तर! तीच मुले जोड्यांनी बसली, तर १० मिनिटांत प्रत्येकाला ५ मिनिटे मिळतात.

पण जोडीत बोलायचे काय? शेजाऱ्याचे नाव तर माहीतच असते. ऐकणाऱ्याला जे ठाऊक नाही आणि हवे आहे, ते आपल्याकडे असले की बोलावेसे वाटते. म्हणून आम्ही ‘ओळखा पाहू’ हा जुनाच खेळ सुचवतो.

फळ्यावर परिसरातल्या ३२ वस्तू लिहा. तुंगार्लीच्या वर्गात मुलेच सांगतील: धरण, चिक्की, करवंद, रेल्वेचे इंजिन, धुके, खेकडा... एकाने मनात एक वस्तू धरायची. दुसऱ्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे.

‘चिक्की आहे का?’, ‘धरण आहे का?’ असे एकेक विचारत गेल्यास ३१ प्रश्नही लागतील. ‘ती वस्तू सजीव आहे का?’ या प्रश्नाने मात्र यादीचे दोन भाग पडतात. दर वेळी निम्मी यादी गळाली, तर ३२, १६, ८, ४, २, १ अशी पाच प्रश्नांतच वस्तू सापडते. अशाच २० प्रश्नांनी १०,४८,५७६ वस्तूंतून एक ओळखता येईल! क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या माहितीशास्त्रात अशा निम्मे करणाऱ्या एका उत्तरातील माहितीला ‘बिट’ म्हणतात.

मराठीत आणखी एक गंमत आहे. उत्तर देणारा चुकून ‘हो, तो गोड असतो’ म्हणाला, की वस्तूचे लिंग फुटते आणि यादी आणखी आखडते. व्याकरणाचा हा धडा मुले आपोआप गिरवतात.

मावळातल्या शाळेत ठाकर, कातकरी वस्त्यांवरची मुलेही असतात. त्यांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी असते. गप्प मुलावर ‘याला काही येत नाही’ असा शिक्का चटकन बसतो. अशा मुलाला आधी उत्तर देणारा करा. गुपित त्याच्याकडे आणि काम एका शब्दाचे. पुढे प्रश्न विचारताना त्याने घरचा शब्द वापरला, तर खेळ थांबवून तो सुधारू नका. सर्वांनी तो शिकून घ्यावा.

शेवटी, थांबा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७४ मध्ये दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे लांबली, न बोलणारी मुले कमी झाली. मनात एक, दोन, तीन मोजायला खर्च काहीच नाही. उद्याच्या तासाला करून पाहा.