संगणक चुकला, तुरुंगात गेली माणसे!
ब्रिटनमधील पोस्टमास्तरांच्या वीस वर्षांच्या लढ्याची कहाणी

हिशेबात रोकड कमी पडली तर दोष कोणाचा? गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा, असे आपण चटकन म्हणून टाकतो. पण हिशेब ठेवणारे यंत्रच चुकत असेल तर? ब्रिटनमध्ये हेच घडले आणि शेकडो निरपराध माणसांच्या कपाळी चोरीचा शिक्का बसला.

तिकडे खेड्यापाड्यातील पोस्ट बहुधा एखाद्या छोट्या दुकानाच्या कोपऱ्यात असते. ते चालवणारा पोस्टमास्तर आपल्याकडच्यासारखा पगारी नोकर नसतो. घरची पुंजी घालून तो दुकान घेतो आणि करारावर पोस्टाचे काम करतो. १९९९ पासून या शाखांत ‘होरायझन’ नावाची संगणक यंत्रणा बसवण्यात आली. ती बनवणारी कंपनी जपानच्या फुजित्सूच्या मालकीची होती.

यंत्रणा आली आणि शाखाशाखांत तूट दिसू लागली. हॅम्पशायरमधील एका खेड्यात जो हॅमिल्टन या बाई पोस्ट चालवत. त्यांच्या पडद्यावर सुमारे २,००० पौंडांची तूट आली. त्यांनी मदतीच्या फोनवर विचारले. पलीकडून सांगितले तशी बटणे दाबली, तर डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली! पुढे २०१५ मध्ये स्कॉटलंडमधील एका शाखेत असाच प्रकार घडला. ८,००० पौंडांची नोंद करताना पडदा अडकला. बटण पुन्हा पुन्हा दाबले, तशी तीच रक्कम पुन्हा पुन्हा नोंदली गेली. एक पैही न हलता २४,००० पौंड कमी दिसू लागले.

फिर्यादी तेच, तपासनीस तेच

तुटीसाठी पोस्ट खाते पोस्टमास्तरलाच जबाबदार धरी. लोकांनी बचत मोडली, घरे गहाण टाकली, नातलगांकडून उसने घेतले. तरीही अनेकांवर खटले झाले. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोस्ट खाते स्वतःच खटला भरू शकत असे. पैसे गेले म्हणणारे तेच, तपास करणारे तेच आणि कोर्टात उभे करणारेही तेच!

कायद्याचीही साथ नव्हती. पूर्वी संगणकाचा कागद पुरावा म्हणून दाखवायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी सिद्ध करावे लागे. ही अट १९९९ च्या कायद्याने रद्द झाली. त्यानंतर यंत्र बरोबरच आहे असे धरले जाऊ लागले. ते चुकले हे दाखवण्याचा भार आरोपीवर आला. खेड्यातील दुकानदाराने ते दाखवायचे तरी कसे? यंत्राच्या आतील सर्व नोंदी तर कंपनीच्या ताब्यात होत्या. कंपनीची माणसे दुरून शाखेच्या हिशेबात फेरफार करू शकत होती. ही गोष्ट पोस्ट खाते वर्षानुवर्षे नाकारत राहिले.

तुरुंगाच्या भीतीने काहींनी न केलेला गुन्हा कबूल केला. जो हॅमिल्टन यांनीही खोटे हिशेब लिहिल्याचे मान्य केले, कारण मग चोरीचा आरोप मागे घेतला जाणार होता. पण गावाने त्यांना चोर मानले नाही. पैसे भरायला लोकांनी वर्गणी काढली आणि शिक्षेच्या दिवशी गावकरी कोर्टात येऊन बसले.

भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांनी गुन्हा कबूल केला नाही. ११ नोव्हेंबर २०१० रोजी त्यांना १५ महिन्यांची कैद झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या आणि त्याच दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता.

आपल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२३ मध्ये पोस्ट खात्याचा एक जुना कागद उजेडात आला. तपासनिसांनी संशयितांची नोंद वंश आणि कातडीच्या रंगावरून करावी, असे त्यात होते आणि काळ्या माणसांसाठी हीन शब्द वापरला होता. खात्याला माफी मागावी लागली.

“हे फक्त तुमच्याकडेच होते”

तक्रार करणाऱ्यांना एकच उत्तर मिळे: हे फक्त तुमच्याच शाखेत होते आहे. माणूस एकटा पडला की स्वतःवरच शंका घेऊ लागतो. शेजारी तोंड फिरवतात, मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागतात.

वेल्समधील ॲलन बेट्स मात्र बधले नाहीत. तूट आपली म्हणून कबूल करायला त्यांनी नकार दिला. २००३ मध्ये त्यांचे पोस्ट काढून घेतले गेले. तरी ते पत्रे लिहीत राहिले, कागद जपत राहिले. २००९ मध्ये ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने सात जणांच्या हकिकती छापल्या. त्याच वर्षी फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातील सभागृहात पीडित एकत्र आले. आपण एकटे नाही, हे त्यांना तिथे कळले. संघटना उभी राहिली.

पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लावला. २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमध्ये दोष असल्याचा निकाल दिला. दोष नाकारणे म्हणजे पृथ्वी सपाट आहे असा हट्ट धरणे, असे त्यांनी सुनावले. तडजोडीत ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंड मिळाले, पण बहुतेक रक्कम दाव्याच्या खर्चातच गेली. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील कोर्टाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली. त्यांत जो हॅमिल्टन आणि सीमा मिश्राही होत्या.

चौकशीने काय दाखवले?

निवृत्त न्यायमूर्ती सर विन विल्यम्स यांची चौकशी २०२० मध्ये नेमली गेली. २०२१ मध्ये तिला साक्षीदारांना हजर करण्याचे अधिकार मिळाले. पीडितांनी उघड्या सभेत आपली कहाणी सांगितली. मोठ्या अधिकाऱ्यांनाही शपथेवर उत्तरे द्यावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये या लढ्यावरील मालिका दूरचित्रवाणीवर आली आणि देश हादरला. मे २०२४ मध्ये पार्लमेंटने कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या.

८ जुलै २०२५ रोजी अहवालाचा पहिला खंड आला. सुमारे १,००० जणांवर खटले होऊन शिक्षा झाल्याचे त्यात आहे. किमान १३ जणांनी या छळापायी जीव दिला असावा, असेही त्यात नमूद आहे. त्यांना कोणती भरपाई पुरणार?

आज रेशनपासून बँकेपर्यंत आपलेही हिशेब संगणकावर आहेत. पडद्यावरचा आकडा कळला नाही तर विचारा. पावती जपून ठेवा. न पटलेल्या कागदावर भीतीपोटी सही करू नका. आणि “फक्त तुमच्याकडेच असे होते” असे कोणी सांगितले, तर आधी शेजारच्या चार घरांत जाऊन विचारून या.