अण्णा कर्वे आणि घरचा जमाखर्च

एखादा कार्यकर्ता गेला की शोकसभेत दोन गोष्टी एका दमात सांगितल्या जातात: माणूस कुटुंबवत्सल होता आणि समाजासाठी अहोरात्र झटत होता. दोन्ही खऱ्या असू शकतात. पण दिवसाचे तास आणि महिन्याचा पगार दोन्हीकडे पुरवायचा म्हणजे ओढाताण होणारच, आणि ती कोणी सोसली हे त्या भाषणांतून कळत नाही. म्हणून अशा माणसाचं स्मरण संस्थेच्या अहवालावरून करून भागत नाही, घरच्यांची साक्ष काढावी लागते, असं मला वाटतं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या बाबतीत ही साक्ष लेखी आहे. त्यांनी स्वतः ‘आत्मवृत्त’ लिहिलं, पत्नी आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’ सांगितलं आणि सून इरावतीबाईंनी त्यांच्यावर लेख लिहिला. एकाच माणसाकडे घरातून तीन बाजूंनी पाहण्याची सोय आपल्याकडे क्वचितच मिळते.

१८९१ साली पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या आणि त्याच साली अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे विधुराने कुमारिकेशी लग्न केलं असतं तर कोणी ब्र काढला नसता. अण्णांनी १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणाऱ्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. त्याच पुढे आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया, झाल्या. अण्णांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला. सख्ख्या आईला मुलाला घरात घेणं अवघड झालं. या लग्नाचं धैर्य आपण अण्णांच्या नावावर मांडतो, पण बहिष्कार दोघांवर होता, आणि विधवा असून पुन्हा कुंकू लावणाऱ्या बाईकडे गाव कोणत्या नजरेने पाहत असेल याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला आणि पुढे हिंगण्याला गेला. दिवसा कॉलेजात शिकवायचं आणि नंतर पायी हिंगणे गाठायचं, हा अण्णांचा क्रम प्रसिद्ध आहे. त्या वेळी पुण्यातलं बिऱ्हाड कोण सांभाळत होतं, हे त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे. अण्णांनी हाताशी असलेले पैसे तर आश्रमाला दिलेच, आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. उद्या काही बरंवाईट झालं तर मुलांचं काय, हा प्रश्न बायांनाच पडायचा होता. त्यांनी नागपूरला राहून सुइणीचं शिक्षण घेतलं होतं, तेही तान्हं मूल बरोबर असताना. स्वतःच्या पायावर उभं राहण्याची धडपड बायांनी अशी आधीपासूनच चालवली होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: गेलेल्या थोर माणसाच्या घरात कशाला डोकवावं? पण बिऱ्हाडाची ओढाताण उघड झाल्याने हिंगण्याची संस्था लहान होत नाही, अण्णांनी काढलेलं १९१६ चं महिला विद्यापीठही नाही. आजवर एकाच्या खात्यावर मांडलेली रक्कम फक्त नीट विभागली जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घराची आबाळ झाली असती तर मुलं अशी निघाली असती का? थोरले रघुनाथराव ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून संततिनियमनासाठी आयुष्यभर लढले, शंकरराव केनियात डॉक्टर झाले, दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, भास्करराव हिंगण्याच्याच कामात राहिले. बिनतोड वाटणारा मुद्दा आहे. पण हा ताळेबंद बापाच्या वात्सल्याचा पुरावा कसा होतो? मुलं चांगली निघाली एवढंच त्यावरून ठरतं. ती कोणी वाढवली, हा प्रश्न उरतोच. तिसरं म्हणणं मला सर्वांत पटतं: बाया काही बिचाऱ्या नव्हत्या. त्यांनी आश्रमासाठी वर्गणी गोळा केली, त्यांच्या विधवा बहीण पार्वतीबाई आठवले तर निधीसाठी अमेरिकेपर्यंत गेल्या. अगदी खरं आहे. म्हणूनच ‘पत्नीची समर्थ साथ लाभली’ या ठोकळेबाज वाक्यात त्यांना बसवणं अन्यायाचं आहे. साथ देणाऱ्याला स्वतःचं काम नसतं, या दोघींना ते होतं.

इरावतीबाईंच्या लेखात सासऱ्यांविषयीचा आदर जागोजागी आहे, आणि त्यांची सून होणं भाग्याचं असलं तरी पत्नी होणं सोपं नव्हतं, हा सूरही स्वच्छ आहे. दोन्ही भाव शेजारी नांदतात, एकाने दुसऱ्याला खोडलेलं नाही. अण्णांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, १९६२ मध्ये वयाच्या एकशेपाचव्या वर्षी ते गेले. लगेच पुढच्या वर्षी दिनकररावांनी इंग्रजी वाचकांसाठी काही मराठी कुटुंबांच्या आत्मकथनांचं पुस्तक छापलं. त्यात वडिलांचं लेखन, आईचं लेखन आणि स्वतःच्या पत्नीचा, म्हणजे इरावतीबाईंचा, लेख त्यांनी एकापाठोपाठ एक ठेवले. तिघांचं सगळं जुळत नाही, आणि मुलाने ते जुळवून घेण्याचा खटाटोपही केलेला नाही.