नोकरी गेली की भत्त्याचा हक्कही जातो?

आर्थिक संकट आले की अमेरिकेत एक आरोप हमखास ऐकू येतो: बाहेरून आलेले लोक सरकारी पैशावर जगतात. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, तिथला बेरोजगारीचा दर १४ टक्क्यांच्या वर गेला. तेव्हा हा भत्ता खरोखर कोणाला मिळत होता, ते पाहू.

तिथला बेरोजगारी भत्ता हे दान नाही, विमा आहे. कामगाराच्या पगारावर मालक कर भरतो आणि त्यातून हा निधी उभा राहतो. एच-१बी व्हिसावरच्या आपल्या इंजिनिअर मुलामुलींच्या पगारावरही हा कर भरला जातो. पण भत्ता मिळण्यासाठी दोन अटी आहेत. मागचे काम कायदेशीर परवान्यावर केलेले हवे आणि आज दुसरे काम लगेच स्वीकारण्याची कायदेशीर मोकळीक हवी. मेख या दुसऱ्या अटीत आहे. एच-१बीचा परवाना एकाच कंपनीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की परवानाही गेला, म्हणून बहुतेक राज्यांत अर्ज नामंजूर होतो. वर नवी कंपनी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. नाहीतर व्हिसा बदला किंवा देश सोडा. ज्या प्रसंगासाठी विमा काढला, त्याच प्रसंगी तो रद्द!

ग्रीन कार्डधारकांची गोष्ट वेगळी. पुरेशी कमाई नोंदलेली असेल आणि स्वतःच्या चुकीने नोकरी गेली नसेल, तर ते नागरिकांइतकेच पात्र असतात. निर्वासित, तसेच एच-४ वर असून स्वतंत्र वर्क परमिट असलेले जोडीदारही अर्ज करू शकतात. भत्ता घेतला तर पुढे ग्रीन कार्ड अडेल, या भीतीने अनेक जण अर्जच करत नाहीत. ही भीती खोटी आहे. हा भत्ता कमावलेला मानला जातो, सरकारवर भार असल्याचा पुरावा म्हणून धरला जात नाही. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून जिथे काम केले त्या राज्याच्या कार्यालयात विचारावे.

सर्वात वाईट अवस्था कागदपत्रे नसलेल्यांची. शेतात, हॉटेलच्या भटारखान्यात, घरकामात राबणारे हे लोक नेहमीच्या बेरोजगारी भत्त्यात बसत नाहीत. मार्च २०२० च्या मदत कायद्याने भत्त्यात आठवड्याला ६०० डॉलरची भर घातली, तीही त्यांना नव्हती.

ही वगळणूक नवी नाही. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार बाहेर ठेवले गेले. कृष्णवर्णीय कामगारांपैकी निम्म्याहून अधिक याच दोन कामांत होते. कायद्यात वर्णाचा उल्लेखही नव्हता. जात न लिहिता जात कशी पाळली जाते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये अशा वगळलेल्यांना प्रत्येकी ५०० डॉलर दिले, एकदाच. न्यूयॉर्कमध्ये मात्र कामगार रस्त्यावर उतरले. २०२१ मध्ये त्यांनी २३ दिवस उपोषण केले, तेव्हा राज्याने २१० कोटी डॉलरचा निधी मंजूर केला. ऑगस्टमध्ये अर्ज सुरू झाले आणि ऑक्टोबरमध्ये पैसे संपत आल्याने ते बंद करावे लागले. त्यानंतर निधी वाढवा, या मागणीसाठी कामगार पुन्हा मोर्चे काढू लागले.