व्हिडिओ पाहिला, पण सवय बदलली का?

समजा, तुम्ही अकरावीच्या मुलींना ऑनलाइन आरोग्य शिक्षणातून रक्तक्षय कसा टाळायचा हे शिकवणार आहात. विषय महत्त्वाचा आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगतं, की देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. मुलांमध्ये हे प्रमाण ३१.१ टक्के.

बहुतेक आराखडे असे असतात: पूर्वचाचणी, चार व्हिडिओ, उत्तरचाचणी. गुण वाढतात आणि आपण ‘परिणामकारक’ लिहून मोकळे होतो. पण ‘लोह कशात असतं?’ याचं उत्तर बरोबर आलं, म्हणजे ताट बदललं का?

ज्ञान, सवय आणि हिमोग्लोबिन ही तीन वेगळी चलं आहेत. कोणतं मोजणार, ते उद्दिष्टातच लिहा. सवय मोजायची तर नेमकं विचारा: काल जेवणाबरोबर चहा घेतलास का? (चहामुळे लोह कमी शोषलं जातं.) भाजीवर लिंबू पिळलंस का? या आठवड्याची लोहाची गोळी घेतलीस का? शिवाय तुलना गट ठेवा. नाहीतर गुण व्हिडिओमुळे वाढले की तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा सोडवल्यामुळे, हे सांगता येणार नाही.

शेवटचा मुद्दा नमुन्याचा. गूगल फॉर्म भरते ती जिच्या हातात फोन आहे ती. घरातला एकुलता फोन भावाकडे असेल, तर ती मुलगी तुमच्या अभ्यासात येतच नाही, आणि कदाचित गरज तिलाच जास्त असते. म्हणून व्हिडिओ वर्गातही दाखवा, प्रश्नावली कागदावरही ठेवा. तिला वगळून काढलेला निष्कर्ष ‘किशोरवयीन मुली’ या नावाने लिहू नका.